आईचा सत्कार

आईच्या अंगावर चादर टाकली तेव्हा आईला वाटलं, आपला सत्कार होतोय.

तिने दोन्ही हात जोडले. मान लववली. हॉलभर नजर फिरवून हसली, पान खाऊन लाल झालेल्या दातांनी, अगदी मनापासून. चादर पांढरीशुभ्र होती, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नव्हती. एका स्वयंसेविकेने ती आईच्या खांद्यावर टाकली, मग दुसरीने खाली ओढून कमरेभोवती गुंडाळली आणि टोकं पार पावलांपर्यंत खेचली. आई त्या बाईला हळूच म्हणाली, "नारळ नंतर देता काय?"

माईक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं. हॉल हसला.

ते हसणं मी विसरले नाही. विसरणारही नाही. बोईसरच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सचा तो हॉल. एसी चालू, अगरबत्तीचा वास, स्टेजवर फुलांनी मढवलेली देवाची तसबीर. खुर्च्यांवर साहेबलोक आणि त्यांच्या बायका. खाली सतरंजीवर आम्ही, कंपनीतले कामगार आणि त्यांच्या घरची माणसं. आणि मधोमध माझी आई, इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीम गावची मासे विकणारी बाई, चादरीत गुंडाळलेली. हसणाऱ्यांकडे बघून तीही हसत होती. तिला वाटलं, आपलं कौतुकच चाललंय.

आदल्या वर्षी गावात जुन्या मासेवालींना शाल आणि नारळ दिला होता. आई तेव्हा तापाने फणफणलेली. तिचं राहिलं. पुढे कितीतरी दिवस म्हणायची, "सगल्यांना दिला, मलाच नाय दिला." ते तिच्या मनात राहून गेलं होतं. म्हणून या हॉलमध्ये अंगावर कापड पडल्याबरोबर तिने हात जोडले.

आम्ही तिथे कशाला गेलो होतो ते सांगते. लाजायचं कारण नाही. लाजायचं ज्यांनी, ते कुठे लाजतात?

माझा नवरा तारापूरच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. आम्ही उमरोळीला राहतो. मी बोईसरला पॅकिंगला जाते. नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, पगार घरात आणतो. शेजारणी म्हणतात, नशीबवान आहेस. पण त्याला मोबाईलवर घाणेरडे व्हिडिओ बघायची सवय. सवय कसली, आजारच. मोरीत गेला की तासभर बाहेर नाही. जेवताना मोबाईल मांडीखाली. मी जवळ गेले की माझ्याकडे बघायचा, पण त्याला मी दिसतच नव्हते. दुसरंच काहीतरी शोधत असायचा माझ्यात. ज्या बाईवर ही वेळ आली तिला मी काय म्हणते ते कळेल. बाकीच्यांनी नुसतं ऐकून घ्या.

भांडून झालं. अबोला धरून झाला. तो देवीपुढे शपथ घ्यायचा, सगळं पुसून टाकायचा, आणि आठवडा जात नाही तोच परत मोरीचं दार बंद. एका रविवारी मी दुपारी विळीवर मासे साफ करत बसले होते. तो समोर येऊन बसला आणि रडायला लागला. म्हणाला, "मला सुटायचंय गं. सुटत नाय."

मला त्याची दया आली. रागही आला. दोन्ही एकदम. पण सुटायचंय म्हणाला ना? मग मी म्हटलं, सुटू. कसंही करून सुटू.

त्यातच कंपनीत साहेबांनी त्याला पकडलं. जेवणाच्या सुट्टीत, कोपऱ्यात, मोबाईल हातात. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दृष्टिशुद्धी शिबिर आहे, या सवयीवरच आहे, आचार्य येणार आहेत. बायकोला घेऊन या. नाहीतर मला वर कळवावं लागेल.

मी तर खूश झाले. खोटं कशाला बोलू. मी देवाधर्माची बाई आहे. मंगळवार करते, नवरात्रात अनवाणी चालते. मला वाटलं, पुढे कुणी मोठा माणूस बसला असेल, देवाच्या नावाने चार शब्द नीट सांगेल, ह्याच्या डोक्यात उजेड पडेल. ठेवणीतली साडी नेसून गेले.

दारातच थाळी. मोबाईल थाळीत ठेवा, देवाच्या पायाशी राहतील. आम्ही ठेवले. खुर्चीवाल्यांपुढे थाळी गेलीच नाही. त्यांचे मोबाईल त्यांच्या खिशात. एक साहेब तर प्रवचन चालू असताना टकाटक बोट चालवत होता. वा रे वा! घाण काय ती सतरंजीवरचेच बघतात.

आचार्य गोरेपान, आवाज मधाळ. एक गोष्ट खरी बोलले, ती मी नाकारणार नाही. म्हणाले, जे बघाल ते आत मुरतं, आणि मग माणूस तेच होऊन बसतो. माझ्या नवऱ्याने मान हलवली. मीही हलवली. पण पुढे दिवसभर काय? पुरुषाचं तेज जातं. पुरुषाचं बळ जातं. पुरुषाची साधना बुडते. पुरुषाच्या घरची लक्ष्मी रुसते. सगळं नुकसान पुरुषाचंच! आणि त्या व्हिडिओतली बाई? ती कोण? तिला कुणी तिथे उभी केली? तिच्यावर काय गुदरलं? एक शब्द नाही. दिवसभरात एक शब्द नाही. ती म्हणजे नुसता चिखल, पुरुषाचा पाय तिच्यात पडतो तेवढंच.

मग आमच्यावर आले. नवऱ्याचा दोष बायकोने तपाने धुवायचा म्हणे. दर सोमवारी निर्जळी उपास करा, घरात मोठ्याने हसू नका, नवऱ्याच्या नजरेला घरातच शांती मिळेल असं वागा. सतरंजीवरच्या बायका खाली माना घालून ऐकत होत्या. माझ्या बाजूला बसलेली जळगावकडची बाई कुजबुजली, "म्हणजे हे पण आपल्याच गळ्यात!" तिला मी कोपर मारून गप्प केलं.

शेवटी मातृदर्शन. प्रत्येकाने आपल्या आईसमोर उभं राहायचं, तिच्या पायांवर नजर ठेवायची आणि शपथ घ्यायची की आजपासून प्रत्येक बाईत मी आई बघेन. कल्पना चांगली आहे. मला आजही चांगलीच वाटते. आईला आणा, असं आधीच कळवलं होतं. माझी सासू नाही, वारली. म्हणून मी आईला बोलावलं होतं. जावयासाठी ती धावत आली. सकाळी माहीमहून माल घेऊन निघाली, बोईसरच्या बाजारात बसली, पाटी शेजारणीकडे ठेवली, अबोलीची नवी वेणी घेतली. हॉलच्या बाहेर नळ दिसला तिथे पाय धुतले. आमच्यात देवासमोर जायचं तर पाय धुवूनच जातात. आणि नुसती बोटं ओली करत नाहीत, पार गुडघ्यापर्यंत धुतात, दिवसभराचा खार आणि चिखल असतो ना. लुगडं आमच्या बायकांचं, काष्ट्याचं, गुडघ्याशी येणारं. मासेमारीच्या मचव्याशी पाण्यात उभं राहायचं, तिथे आणखी काय नेसणार?

तशी ती आत आली. पाय ओले, लुगड्याची कड ओली, तोंडावर आनंद मावत नव्हता.

आचार्यांनी तिला बघितलं. हात वर केला. म्हणाले, "थांबा. आधी हिला झाका."

आणि मग आमच्याकडे वळून, माईकवर, "बघा. हेच सोडायला आपण इथे आलो आहोत. उघडं अंग ते उघडं अंग, मोबाईलमधलं काय आणि हे काय."

मग चादर. मग आईचे जोडलेले हात. मग नारळ. मग ते हसणं.

आचार्य माझ्या नवऱ्याला सांगत होते, बोट आईच्या पायांकडे दाखवून, "म्हणा, असं अंग दिसलं तर मी नजर फिरवीन."

नवरा उभा. हात जोडलेले. खुर्चीत बसलेल्या साहेबांकडे त्याने एकदा बघितलं. आणि तोंड उघडलं. "असं अंग..."

"ए, थांब!"

हा आवाज माझा होता. मी कधी उठले, पुढे कधी गेले, मला माहीत नाही. नवरा थांबला. मी आचार्यांसमोर उभी राहिले.

"महाराज, सकाळपासून तुमी सांगताय, परतेक बाईत आई बघा. ही तर आईच हाय. माजी आई. हिच्यात तुमाला काय दिसलं?"

मघाशी हसणारे आता आपल्याच पायांकडे बघत होते. साहेबांच्या मिसेस पुढे आल्या, माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "अहो, वाद नको, प्रसाद घ्या." आचार्य हसले, अगदी शांत, मोठे लोक हसतात तसे. म्हणाले, "बाळ, तुझ्या मनात फार क्रोध आहे."

"हाय," मी म्हटलं.

आईच्या कमरेची चादर सोडली. घडी घातली. त्यांच्या गादीवर ठेवली आणि म्हटलं, "ही तुमी घ्या. डोल्यांवर बांधा." आईचा हात धरला आणि बाहेर आले.

नवरा आला नाही मागे. तो प्रसाद घेऊन मगच घरी आला. साहेब बघत होते ना!

बाहेर रिक्षाच्या रांगेत आई माझ्यावर उखडली. "काय गं, माजा सत्कार मोडलास तू! येवडी कशाला तडतड करतं? मोठी मानसं होती." सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी बोलत होती. ती बोलतच राहिली. मग मला सांगावं लागलं. तुम्हाला कुणाला आपल्या आईला असं सांगावं लागू नये. मी सांगितलं, आई, सत्कार नव्हता. तुझे पाय झाकत होते. त्या मोबाईलमधल्या बायकांसारखे तुझे पाय घाण, असं म्हणत होते.

आईने खाली बघितलं, आपल्याच पायांकडे. जणू ते तिला आजच दिसले होते. मग विचारलं, "जावईपन तेच बोलले?"

मी म्हटलं, बोलत होता. मी थांबवलं.

रिक्षा आली. बसताना आईने लुगड्याची कड दोन्ही हातांनी गुडघ्याखाली ओढली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि म्हणाली, "मंग मी आता गोल साडी नेसू काय?"

आणि नेसली हो! दुसऱ्या दिवशी माझीच एक जुनी सहावारी नेसून बंदरावर गेली. पाण्यात साडी फुगली, पायात आली, चिखलात आई धाडकन पडली. पाटी उलटी, मांदेली सगळीकडे. बायका हसल्या, त्यांचं काय चुकलं, त्यांना काय ठाऊक? चुलतबहिणीने मला फोन केला. मी कामावरून तशीच माहीमला गेले. आई ओट्यावर बसली होती, ढोपर सुजलेलं, साडी अजून अंगावर, चिखल वाळून कडक झालेली. मी म्हटलं, "काढ ती. लुगडं नेस."

"लोक बोलतान गं."

"लोकांच्या डोल्यांत माती पडो!"

ती लुगडं नेसली. बाजारात बसायला लागली. पण आजही कुणी पँट-शर्टवाला मासे घ्यायला वाकला की तिचा हात जातो आणि कड खाली ओढतो. पापलेटाचा भाव करता करता हात जातो. एवढ्या वयाच्या बाईला त्यांनी ही खोड लावली. नवऱ्याची खोड सोडवायला गेलो आणि आईला खोड लावून आलो. मग माझ्या मनात क्रोध नसेल तर काय असेल?

सोमवार आला. मी बोंबील तळले. नवरा ताटाकडे बघून म्हणाला, "आज तुझा उपास ना? सायबांच्या मिसेस विचारतील."

मी ताट पुढे ओढलं. म्हटलं, "पाप तुझं, उपास तुझा."

तो चिडला. म्हणाला, तू हॉलमध्ये तमाशा केलास, माझी नोकरी गेली असती. मी म्हटलं, नोकरी गेली असती तर दुसरी बघितली असती, आई दुसरी कुठे बघू? मग माझं तोंड सुटलं. सगळं बाहेर पडलं. म्हटलं, तू बघतोस ती बाई कुणाच्या तरी गावची असेल. तिच्या आईला माहीत असेल का, की उमरोळीत एक माणूस मोरीचं दार लावून तिच्या पोरीकडे बघतो? तिचं नाव तरी माहीत आहे तुला? तुझ्या आचार्यांनी विचारलं का कधी? ते म्हणतात, तिच्यामुळे तुझं तेज गेलं. अरे, तुझ्यामुळे तिचं काय काय गेलं असेल!

तो म्हणाला, "देवीपुढं परत शपथ घेतो."

"नको. देवीला आता कामाला लावू नकोस." आमच्या देवीचा तांदळा आहे, नुसता दगड. तिला हात नाहीत, पाय नाहीत, फक्त डोळे बसवलेत चांदीचे. ती बघते. तिने काय झाकून ठेवलंय आणि काय उघडं, असं कुणी विचारत नाही. तिच्यापुढे जाताना आपल्या मनात काय आहे ते आपणच बघायचं असतं. मला धर्म कळतो तो एवढाच. नवऱ्याला म्हटलं, "शपथ ऱ्हाऊ दे. आईकडे जा. चादर कशाला टाकली आणि तू तिथं कशाला गेलेलास, तिला तोंडावर सांग. उजेडात सांग. नाय सांगितलंस तर मी माहीमला चालले. परत येनार नाय."

तो गेला. जायला त्याला बरेच दिवस लागले, पण गेला. मी सोबत होते. आई अंगणात बांबूवर बोंबील वाळत घालत होती. तो उभ्याउभ्याच बोलला, अडखळत, कपाळावर घाम. सगळं बोलला. मोबाईल, मोरी, साहेब, चादर. आणि "मीपन तेच बोलत होतो तुमाला, सासूबाय" असं म्हणाला तेव्हा त्याचा आवाज फुटला. आईने हातातला बोंबील अडकवला, दुसरा घेतला. म्हणाली, "मला काय सांगतंस? माज्या पोरीला सांग. तिच्या तोंडाकडं बघून सांग."

त्याने बघितलं. त्या दिवशी मी त्याला दिसले.

पण म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. तो घरी आला की मोबाईल आता स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर असतो. ओढ लागली की तो मला येऊन सांगतो, किंवा देवळाच्या पायरीवर जाऊन बसतो. त्याला देव लागतो. मलाही लागतो. कधी घसरतो, तेही सांगतो. सुटलंय असं तो म्हणतो. मी म्हणत नाही. मी बघते.

आणि आता गेल्या आठवड्यात साहेबांच्या मिसेसचा फोन. गोड गोड. यंदा पुन्हा शिबिर आहे. तुमचे यजमान किती बदलले, साहेब सांगत होते, ही सगळी आचार्यांची कृपा. तर तुम्ही स्टेजवर येऊन अनुभव सांगायचा, शिबिरामुळे संसार कसा वाचला. काय बोलायचं ते आम्ही सांगू. मागचं आचार्यांनी मनात ठेवलेलं नाही, मोठ्या मनाचे आहेत.

त्यांनी मनात ठेवलेलं नाही! ऐकलंत? त्यांनी!

मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आईंना आणलंत तर प्लीज जरा नीट साडी नेसवून आणा."

मी फोन कानाला तसाच धरून बसले. आधी वाटलं, शिव्या घालाव्यात. चांगल्या बंदरावरच्या, ठेवणीतल्या. मग म्हटलं, नाही. आणि सरळ सांगितलं, "येते मी. आईपण येते."

आईला विचारलं. म्हणाली, "मी नाय येत गं तिकडं." दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, "तू बोलनार काय? मंग येते. पन मी माजंच नेसनार." नवऱ्याला सांगितलं. तो घाबरला, मग म्हणाला, मी तुझ्या बाजूला उभा राहीन. राहतो का ते तिथे कळेल. नाही राहिला तरी मी बोलणार.

हे वर जे सांगितलं तेच बोलणार. पहिल्यापासून. मोरीपासून. नवऱ्याचं झाकणार नाही आणि आचार्यांचंही झाकणार नाही. माईक बंद केला तरी हरकत नाही, आमच्या घरच्या बायका समुद्राच्या वाऱ्यात लिलाव बोलतात. आणि बोलून झालं की खाली येऊन बसणार नाही. आचार्यांनी उठायचं, माझ्या आईसमोर यायचं आणि सगळ्यांदेखत तिची माफी मागायची. तोंडाने, माईकवर, साहेब आणि सतरंजी दोघांना ऐकू जाईल अशी. तोपर्यंत मी त्या स्टेजवरून हलणार नाही.

बघू कोण उतरवतं मला.